सोनोग्राफीतली एक ओळ आणि पाठीचा कणा

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटात रिपोर्टांची एक फाईल नक्की असेल. कधी पोटात दुखलं म्हणून, कधी पाळीच्या तक्रारीसाठी, कधी पित्ताचे खडे आहेत का ते पाहायला काढलेली सोनोग्राफी त्यात असेल. ती एकदा बाहेर काढा आणि शांतपणे वाचा. गर्भाशय ठीक, मूत्रपिंडं ठीक, आणि अगदी वरच्या ओळीत यकृताच्या नावापुढे पुष्कळजणींच्या कागदावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असं लिहिलेलं सापडेल. डॉक्टर म्हणाले असतील, “हे काय, हल्ली सगळ्यांनाच असतं.” आपणही सुटकेचा नि:श्वास टाकून फाईल मिटली असेल. खडे नाहीत ना, मग झालं!

त्या एका ओळीबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून सकाळच्या शाळेत चार तास शिकवणारी बाई. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात जे घडलं त्यामुळे या विषयावर मिळेल ते वाचलं, भेटतील त्या डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं. त्यातून एक गोष्ट कळली, जी कुणी आपल्याला सांगत नाही. यकृतातल्या चरबीचा संबंध हृदयाशी आणि मधुमेहाशी आहे हे आता बऱ्याचजणींना ठाऊक असतं. तिचा संबंध पाठीच्या कण्याशीही असू शकतो, हे किती जणींनी ऐकलंय?

लिव्हर म्हणजे दारूच का?

यकृताचा आजार म्हटला की आपल्याला पहिली दारू आठवते. त्यामुळे चातुर्मास पाळणारी, कांदा-लसूणही न खाणारी एखादी बाई असा रिपोर्ट हातात पडला की ओशाळते. शेजारणीला सांगायचीसुद्धा चोरी! वास्तविक या आजाराचा दारूशी संबंध नाही. आपण खाल्लेली जास्तीची साखर, पीठ, तेल यांचं जे शरीराला वापरता येत नाही, त्याची यकृतात चरबी होऊन साठते. दीड किलोच्या आसपास वजनाचं हे आपलं यकृत. त्याच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी दिसली की आजार सुरू झाला असं मानतात. सोनोग्राफीला मात्र ती चांगली वीस-तीस टक्क्यांपर्यंत गेल्याशिवाय नीट दिसत नाही. म्हणजे कागदावर ‘ग्रेड वन’ उमटतो तेव्हा गाडी स्टेशनातून सुटून बराच वेळ झालेला असतो.

पूर्वी याला ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ म्हणत. ‘दारू न पिणाऱ्याचा’ अशी ओळख देणारं ते नाव अनेक रुग्णांना खटकत असे. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी एकत्र येऊन ते बदललं. नवं नाव लांबलचक आहे, ‘मेटाबॉलिक डिसफंक्शन असोसिएटेड स्टिएटोटिक लिव्हर डिसीज’. बोलायला कठीण, पण त्यातले ‘मेटाबॉलिक’ म्हणजे चयापचयाचे हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. आजार एकट्या यकृताचा नाही. वाढलेली कंबर, साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी यांपैकी निदान एक तरी त्याच्या जोडीला असतेच. आपल्या भारतीय बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात, पुरुषांसाठी ९०. शिवणाच्या डब्यातली टेप आहेच, आजच मोजा. पोट आत ओढून नव्हे हं!

आपल्या देशात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्या एकत्र केल्या, तर दर दहा प्रौढांमागे तीन-चारजणांच्या यकृतात चरबी आढळते. भारत सरकारने २०२१ च्या फेब्रुवारीत या आजाराचा समावेश मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्यासाठी असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तो काही उगीच नाही.

वन्संची चप्पल

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते. ह्यांची थोरली बहीण, आमच्या वन्सं, इस्लामपूरला असतात. वय तेव्हा एक्कावन्न. अंगाने चांगल्या भरलेल्या, हसतमुख, पन्नास माणसांचा स्वयंपाक एकहाती करणाऱ्या. साखर थोडी वर होती, फॅटी लिव्हरचा रिपोर्ट पाच वर्षांपूर्वीचा. दिवाळीला आल्या तेव्हा म्हणाल्या, “पाय जड झालेत गं, ओलं धोतर गुंडाळल्यासारखे वाटतात.” सगळ्यांनी गुडघ्यावर खापर फोडलं. गुडघ्याचे एक्स-रे निघाले, थोडी झीज दिसली, गोळ्या सुरू झाल्या, ‘वजन उतरवा’ असा सल्ला मिळाला. वजन कसं उतरवायचं, ते कुणी सांगितलं नाही.

पुढे एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. चालता चालता पायातली चप्पल निसटायची आणि वन्संना कळायचंच नाही. दहा पावलं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारायचं, “अहो काकू, चप्पल राहिली!” घरात सगळे हसत, त्याही हसत. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून भिंतीला टेकून तोंड धुवायच्या. लघवीला घाई व्हायची, कधी वेळेत पोहोचता यायचं नाही. हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. वयाचं असेल, दोन बाळंतपणांचं असेल, अशी स्वत:ची समजूत घातली. तुम्ही-मी तरी दुसरं काय केलं असतं?

जवळजवळ सव्वा वर्ष असं गेलं. या काळात त्या दोन दवाखान्यांत दाखवून आल्या. दोन्हीकडे गुडघेच तपासले गेले. शेवटी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवायला गेल्या असताना तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी रबरी हातोडीने गुडघ्याखाली हलकेच ठोकलं, तर पाय असा काही उडाला की वन्सं स्वत:च दचकल्या. डॉक्टर म्हणाले, “काकू, गुडघ्याचं ऑपरेशन राहू द्या. आधी पाठीचा एमआरआय काढू.”

एमआरआय झाला, मग सीटी स्कॅन झाला. छातीच्या मागच्या मणक्यांत, मज्जारज्जूला लागून असलेली पट्टी चक्क हाडाची झालेली होती आणि तिने रज्जूला पुढून दाबून धरलं होतं.

उतरंड आणि तिच्या पट्ट्या

हे नीट समजून घ्यायला हवं. आपले मणके म्हणजे जुन्या घरातली उतरंड समजा, एकावर एक रचलेली. त्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे हुकूम हातापायांना पोचवणारा आणि हातापायांची खबर मेंदूला देणारा. ही उतरंड ढळू नये म्हणून तिला चिवट पट्ट्या असतात, त्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. एक लांब पट्टी मणक्यांच्या पुढच्या बाजूने, दुसरी मणक्यांच्या मागच्या बाजूने, म्हणजे मज्जारज्जूच्या अगदी समोरून जाते. तिसऱ्या, पिवळसर रंगाच्या छोट्या छोट्या पट्ट्या रज्जूच्या पाठीमागे असतात.

या पट्ट्या लवचीक राहायला हव्यात. पण काहीजणांत त्यांचं हळूहळू हाड होत जातं. झीज झाल्यावर कडेला वाढणारं टोकदार हाड, ज्याला आपण ‘मणका वाढला’ म्हणतो, ते वेगळं. इथे पट्टीच हाड बनते, अगदी आत मगज असलेलं खरंखुरं हाड. पुढची पट्टी हाडाची झाली तर कणा ताठ होतो, पाठ आखडते, मानेत फार वाढली तर घास गिळताना अडतो, पण रज्जूला सहसा धोका नसतो. फ्रान्समधल्या फॉरेस्टिए आणि रोटेस-केरोल या डॉक्टरांनी १९५० मध्ये या ताठ कण्याचं वर्णन केलं. मागची किंवा पिवळी पट्टी हाडाची झाली, तर मात्र रज्जूची जागा अरुंद होत जाते. बोळ तेवढाच, आणि त्यात एकाने पायऱ्या बाहेर काढाव्यात, तसं!

या आजाराचा सगळ्यात जास्त अभ्यास जपानमध्ये झाला. १९६० साली तिथे एका रुग्णाच्या शवविच्छेदनात ही हाडाची पट्टी रज्जूवर दाबून बसलेली आढळली, आणि पुढे शोध घेतला तेव्हा तो आजार काही दुर्मिळ नाही असं लक्षात आलं. तिशीपुढच्या जपानी माणसांत साधारण दोन ते चार टक्क्यांच्या मानेत हा बदल सापडतो. तिथल्या सरकारने १९७५ मध्ये त्याला दु:साध्य आजारांच्या यादीत घालून संशोधनासाठी खास मंडळ नेमलं. आजार आशियात जास्त, युरोपियनांत कमी. आपल्या देशातही त्याचे रुग्ण आहेत. (ज्या गावांच्या विहिरीत फ्लोराइड फार असतं तिथेही अस्थिबंधांचं हाड होतं, पण ते कारण निराळं.)

मानेतला आजार पुरुषांत बायकांच्या दुप्पट. पण छातीच्या मागच्या मणक्यांतला, म्हणजे आमच्या वन्संना झाला तो, बायकांत अधिक. आणि जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या डॉक्टरांना असे रुग्ण तपासताना दिसलं, की ते पुष्कळदा बरेच लठ्ठ असतात आणि त्यांना त्रास लवकरच्या वयात सुरू होतो.

यकृताचा यात काय संबंध?

मलाही हाच प्रश्न पडला होता. यकृत पोटात उजवीकडे, पट्टी पाठीत, त्यांची गाठ कुठे पडणार? पण छाती-पोटाचा एक सीटी स्कॅन काढला, की एकाच चित्रात दोन्ही दिसतात. चरबी साठलेलं यकृत शेजारच्या प्लीहेपेक्षा काळपट दिसतं, हाड झालेली पट्टी पांढरी दिसते. संशोधकांनी अशी चित्रं पाहायला घेतली तेव्हा या दोन गोष्टी एकाच माणसात पुन:पुन्हा सापडू लागल्या. ताठ कण्याच्या रुग्णांतही पोटाच्या आतली चरबी इतरांपेक्षा जास्त दिसली. मधुमेह आणि लठ्ठपणा या रुग्णांत जास्त असतात हे तर फार आधीपासून माहीत होतं. २०२२ मध्ये होक्काइदोच्याच डॉक्टरांनी रक्तातल्या चरबीच्या बिघाडाशीही घट्ट नातं दाखवलं.

हे नातं कसं जुळत असावं? जेवल्यावर स्वादुपिंडातून इन्सुलिन निघतं, ते आधी यकृतात येतं. निरोगी यकृत त्यातलं जवळजवळ निम्मं तिथल्या तिथे वापरून संपवतं. चरबीने भरलेल्या यकृताला ते जमत नाही. एकीकडे ते इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. दुसरीकडे आलेलं इन्सुलिन संपवतही नाही. परिणामी रक्तात ते वर्षानुवर्षं जास्त राहतं. इन्सुलिन हे नुसतं साखरेचं औषध नव्हे. ते वाढीला चालना देणारं द्रव्य आहे. अस्थिबंधाच्या पेशींवर प्रयोगशाळेत प्रयोग झाले, त्यांत इन्सुलिन आणि त्याच्यासारखंच यकृतात बनणारं एक द्रव्य या पेशींना हाड बनवायच्या वाटेला लावतात असं दिसलं. यात शरीरातल्या चरबीतून निघणारं लेप्टिन मिसळतं आणि यकृतातली धुमसती दाहही भर घालते. 

एका उंदराची गंमत सांगते. प्रयोगशाळांत झुकर नावाची जन्मजात लठ्ठ उंदरांची जात आहे. लेप्टिनचा निरोप त्यांच्या मेंदूला पोचत नाही, म्हणून ते खातच सुटतात. त्यांच्या यकृतात चरबी साठते आणि त्यांच्या पाठीतल्या पट्ट्यांचं हाडही होतं. दोन्ही आजार एका अंगात!

आता तुम्ही म्हणाल, एकत्र आढळतात म्हणजे एकामुळे दुसरा होतो असं थोडंच? शाळेत छत्री आणि चिखल रोज एकत्र येतात, पण छत्रीमुळे चिखल होत नाही. बरोबर आहे. म्हणून जपानी संशोधकांनी एक निराळी वाट काढली. कुणाचा बांधा जाड होण्याकडे झुकतो, कुणाचा नाही, हे काही अंशी आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. ती जनुकं जन्माच्या वेळीच वाटली जातात, पाठ नंतर दुखू लागते. त्यांचा हजारो माणसांत ताळा घालून पाहिल्यावर २०२३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की वजन जास्त असणं हे या हाडीकरणाचं खरोखरीच एक कारण आहे. तेही छातीच्या मणक्यांतल्या आजारात अधिक ठळक. यकृताच्या चरबीचं मूळही त्याच वजनात, त्याच इन्सुलिनमध्ये. एकाच विहिरीचं पाणी दोन पाटांतून वाहावं, तसे हे दोन आजार मला वाटतात.

अर्थात फॅटी लिव्हर असलेल्या प्रत्येकीला हा कण्याचा आजार होतो असं मुळीच नाही. लाखो बायकांच्या यकृतात चरबी आहे, त्यांतल्या फारच थोड्यांच्या पट्ट्यांचं हाड होईल. घराण्याचा भाग मोठा आहे. जपानमध्ये रुग्णांच्या जवळच्या नातलगांचे एक्स-रे काढले, तेव्हा सुमारे २३ टक्क्यांत तोच बदल मिळाला. घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण ज्या बाईच्या फाईलमध्ये ती ओळ आहे, तिचे पाय जड झाले तर तिच्या नुसत्या गुडघ्यांकडे बघू नका, एवढं मला तळमळीने सांगायचं आहे. रज्जूवरचा दाब किती दिवस राहिला यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

घरच्या घरी काय ओळखाल?

जपानमध्ये डॉक्टर या रुग्णांना हटकून विचारतात, “चॉपस्टिकने जेवता येतं का?” तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या गुणपत्रिकेतच तो प्रश्न आहे. आपल्याकडे मी म्हणेन, वरण-भात कालवून घास करता येतो का? मंगळसूत्राचा फासा, ब्लाउजचे हूक, सुईत दोरा ओवणं, देवाच्या वाती वळणं, सुटे पैसे मोजणं. हातातून कपबशी निसटते का? अक्षर बिघडलंय का? मानेतला दाब आधी हातांत असा बोलतो. दुखेलच असं नाही, हे मोठं फसवं आहे. आपली सवय अशी, की दुखलं तरच डॉक्टर.

एक सोपी परीक्षा आहे. हात पुढे करून मूठ घट्ट वळायची आणि पूर्ण उघडायची, जमेल तितक्या लवकर. घड्याळ लावून दहा सेकंदांत किती वेळा होतं ते मोजा. निरोगी माणसाला वीस किंवा त्याहून जास्त वेळा जमतं. बरंच कमी झालं, बोटं मध्येच अडखळली, तर दाखवून घ्या. पायांसाठी, फरशीच्या रेघेवरून टाचेला पंजा लावत दहा पावलं चालून पाहा. शेजारी कुणीतरी धरायला असू द्या.

निसटणारी चप्पल, डोळे मिटल्यावर जाणारा तोल, जिना उतरताना कठड्याची गरज, छातीभोवती किंवा पोटाभोवती घट्ट पट्टा बांधल्यासारखं वाटणं आणि लघवीची नवी तक्रार. या गोष्टी कानामागे टाकू नका. लघवीचं तर लाजून अजिबात लपवू नका. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जातंतूंचे शल्यचिकित्सक यांच्याकडे जा आणि तोंडाने सांगा, “मला फॅटी लिव्हर आहे, साखर आहे, पाय जड होतात, कण्याचं काही आहे का ते बघा.” मानेचा बदल बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतो. छातीच्या मागचा मात्र फासळ्या-खांद्यांच्या सावलीत दडतो. तिथे एमआरआय रज्जूची अवस्था सांगतो आणि सीटी स्कॅन हाड स्पष्ट दाखवतो.

झालेलं हाड विरघळवणारं औषध नाही. कुणी तेल देईल, कुणी काढा देईल, कुणी कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायला सांगेल, त्याने ती पट्टी पुन्हा मऊ होत नाही. रज्जू दबल्याची लक्षणं वाढत असतील तर शस्त्रक्रिया करून त्याला जागा करून देतात. मानेसाठी मणक्याची मागची कमान दारासारखी एका बाजूने उघडायची पद्धत जपानमध्येच १९७७ च्या सुमारास निघाली. छातीच्या भागातली शस्त्रक्रिया अधिक नाजूक. वन्संची पुण्याला झाली, सहा तास चालली. आता त्या काठी घेऊन चालतात, लघवीवर ताबा आला आहे, पायांचा बधिरपणा पूर्ण गेलेला नाही. “वर्षभर आधी आला असतात तर बरं झालं असतं,” असं सर्जन म्हणाले. चूक कुणाची म्हणायची? बाईच्या जड पायांना गुडघ्यांपलीकडे कारण असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

ह्यांची मान आणि आमचं स्वयंपाकघर

बहिणीला निघालं म्हणून सर्जननी भावंडांनाही बघून घ्यायला सांगितलं. ह्यांच्या मानेच्या एक्स-रेत दोन मणक्यांमागे बारीकशी पांढरी रेघ निघाली. त्रास काही नाही. दरवर्षी तपासणी, एवढंच. पण ह्यांची एक जुनी हौस बंद झाली. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घ्यायची! पट्टी हाडाची झाली असेल तर अशा झटक्याने किंवा साध्या घसरून पडण्यानेही रज्जूला एकदम इजा होऊ शकते. बाथरूममधला शेवाळलेला दगड मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. योगवर्गाला जाणाऱ्या मैत्रिणींना सांगते, मानेत असा बदल असल्याचं कळलं असेल तर शीर्षासन, सर्वांगासन, हलासन करू नका, आणि शिक्षिकेला तसं सांगून ठेवा.

ह्यांची सोनोग्राफीही ‘ग्रेड टू’ निघाली, तेव्हा स्वयंपाकघराकडे वळणं आलंच. यकृताचं एक बरं आहे, ते उपकार विसरत नाही. वजन पाच टक्के उतरलं की त्यातली चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही ओसरते, आणि व्रण धरू लागलेलं यकृत पुष्कळांचं सुधारतं. सत्तर किलोच्या बाईसाठी याचा अर्थ पाच ते सात किलो, तेही सहा-आठ महिन्यांत, आठवड्याला फार तर अर्धा ते एक किलो. उपाशी राहून धडाधड वजन पाडणं यकृताला उलट बाधतं.

बहुतेक घरांत ही चरबी सणासुदीच्या श्रीखंडातून येत नाही, ती रोजच्या किरकोळीतून येते. चार वेळचा साखरेचा चहा, त्याबरोबरची खारी-टोस्ट, मुलांनी ताटात टाकलेलं ‘वाया कशाला’ म्हणून आपण संपवलेलं. शिवाय उपवास! साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे दुप्पट खाशी. उपवास करू नका असं नाही, पण भगर आणि काकडीची कोशिंबीर यांवरही देव प्रसन्न होतो. पातेल्यातला शेवटचा भात कुत्र्याला घाला, यकृताला नको. तेल किती लागतं ते बाटलीवर तारीख लिहून मोजा, आकडा पाहून तुम्हालाच धक्का बसेल. ताटात आधी उसळ-भाजी-कोशिंबीर, मग पोळी, भात चवीपुरता. बाजारची फळांची सरबतं बंद, फळ चावून खा. आठवड्यात दीडशे मिनिटं भरभर चालणं. म्हणजे रोज जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, एका मालिकेएवढा वेळ. घरकामात आपण दिवसभर उभ्या असतो हे खरं, पण त्याने धाप लागत नाही, म्हणून ते यात धरत नाहीत.

औषधांच्या दुकानातल्या लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. आणि मनाने काढे तर नकोच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं, ते ध्यानात असू द्या.

यकृत चरबीवरच थांबलंय की व्रण धरू लागलंय, याचा अंदाज घरीही घेता येतो. रक्ताच्या रिपोर्टमधले चार आकडे लागतात. वय गुणिले एसजीओटी, हा झाला वरचा आकडा. खाली प्लेटलेट, हजारांत, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा वय ४८, एसजीओटी ४२, एसजीपीटी ४९, प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. वर ४८ गुणिले ४२, म्हणजे २०१६. खाली २४० गुणिले ७, म्हणजे १६८०. भागाकार १.२. उत्तर १.३ च्या खाली असेल तर व्रणाची शक्यता कमी, वर असेल तर डॉक्टरांना दाखवून फायब्रोस्कॅन करावा का ते विचारायचं. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी २ हा आकडा धरतात. वर्गमूळ जमत नसेल तर नववीतल्या मुलाला सांगा, त्याचीही उजळणी होईल. एसजीपीटी ‘नॉर्मल’ आहे म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. चरबी असूनही तो आकडा पुष्कळदा मर्यादेतच असतो.

आणखी एक, जे वन्संच्या भूलतज्ज्ञ बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. मानेच्या पट्टीचं हाड झालेल्या माणसाचं दुसऱ्या कशाचंही ऑपरेशन असो, पित्ताशयाचं, गर्भाशयाचं, पूर्ण भूल देताना घशात नळी घालण्यासाठी मान मागे वाकवावी लागते. ती अशा माणसाची जपूनच वाकवायला हवी. तेव्हा मानेचा तो जुना एक्स-रे फाईलमध्ये सोनोग्राफीच्या कागदाशेजारीच ठेवा, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा त्यांच्या हातात स्वत: द्या.